इतर हक्कातल्या बाया

मुलगा नोकरीला लागला, घराचं कर्ज फिटलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताशी माझे असे थोडे पैसे उरले. फंडाचे काही, भिशीचे काही. मैत्रिणी म्हणाल्या, सोनं घे. ह्यांनी मुदत ठेव सुचवली. मी म्हटलं, "मला एखादा एकर शेत घ्यायचंय." ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कसणार कोण?" "ते बघू," मी म्हटलं. खरं तर मलाही ठाऊक नव्हतं.

माझं माहेर बार्शीकडचं. पुण्याच्या आसपास गुंठ्याला जो भाव सांगतात, त्यात तिकडे परंडा तालुक्यात जवळजवळ एकर येतो, असं माहेरच्या ओळखीच्या एका एजंटाने सांगितलं. मी लगेच एसटी पकडली. त्याचा पहिलाच प्रश्न होता, "ताई, सातबारा कुणाच्या नावावर आहे? तुमच्या, का साहेबांच्या?"

दोघांच्याही नाही. सासर मुंबईचं, गिरणी कामगाराचं. तिथे शेती कुठली? माझ्या वडिलांची नऊ एकर होती. ते गेल्यावर १९९८ साली भावाने कागद पुढे केला आणि मी सही केली. हक्कसोड. वहिनीने साडी दिली, पुरणपोळी झाली, मी संध्याकाळच्या गाडीने परत आले. भावाबहिणीत काय हिशेब करायचा, असं तेव्हा अगदी मनापासून वाटलं होतं.

आता कळलं, की आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही. पश्चिम महाराष्ट्राचा कुळकायदा १९४८ चा, मराठवाड्याला हैदराबादचा १९५० चा, विदर्भाला १९५८ चा; पण या बाबतीत तिघांचाही सूर एकच. म्हणजे जन्माने शेतकऱ्याची पोर असून कागदावर मी कुणीच नव्हते. शेवटी वडिलांचा जुना सातबारा, वारसनोंदीचा फेरफार आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडून तहसीलमधून शेतकरी असल्याचा दाखला मिळवला. त्यासाठी चार खेपा झाल्या. भाऊ कागद काढून द्यायला सोबत आला, पण वाटेत दोनदा म्हणाला, "ताई, आपल्या जमिनीचं काही नाही ना?"

मग जमिनी बघायला सुरुवात केली. तेव्हा एक गोष्ट शिकले. जमीन स्वस्त असते, तेव्हा ती स्वस्त का आहे, हे विकणारा कधी सांगत नाही. ते आपण शोधायचं असतं. पहिल्या ठिकाणी विहीर होती, पण शेजारच्या म्हातारीने सांगितलं, "संक्रांतीपतोर पानी, मग दगडं." दुसऱ्या ठिकाणी माती काळीभोर, पण जायला वाट नाही. तीन जणांच्या बांधावरून जायचं आणि त्यातल्या दोघांचं एकमेकांशी भांडण! रस्त्यासाठी तहसीलदारांकडे दाद मागता येते हे खरं, पण भांडण विकत कशाला घ्या? तिसरी जमीन देवस्थान इनामाची निघाली. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असं लिहिलेलं होतं. अशी जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. एजंट म्हणाला, "ते मॅनेज करू." मी नमस्कार केला.

चौथं शेत मात्र बघताक्षणी आवडलं. एक हेक्टर वीस आर, म्हणजे तीन एकर. गाडीरस्त्याला लागून, बांधावर दोन बाभळी, सामाईक विहीर. त्यातली दोन एकर माझ्या पैशात बसत होती. मालक बोलायला साधा. भाव सगळ्यांपेक्षा कमी. मी मनातल्या मनात ज्वारी पेरूनसुद्धा टाकली!

घरी येऊन सातबारा नीट वाचला. वर मालकाचं एकट्याचं नाव. आणि खाली 'इतर हक्क' या रकान्यात दोन बायांची नावं. त्याच्या बहिणी. आपल्याकडे वर्षानुवर्षं ही रीत पडली आहे. भाऊ मालकाच्या रकान्यात आणि बहिणी बँकेच्या बोजाशेजारी, इतर हक्कात.

"त्यांचं काय?" मी एजंटाला फोनवर विचारलं. "त्या सह्या करतील की. साडीचोळी केली की झालं."

साडीचोळी म्हटल्यावर मला रात्रभर झोप आली नाही.

पुढच्या रविवारी मी थोरल्या बहिणीच्या सासरी गेले. पत्र्याचं घर, दारात शेळ्या. तिने चहा केला. मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुमी तुमच्या भावाला सही दिली हुती?"

"दिली होती," मी म्हटलं.

"मग माज्याकडं का आलाव? सही घ्यायला का सांगायला?"

खरं सांगते मैत्रिणींनो, मला पटकन उत्तर देता आलं नाही. जमीन तर मला हवीच होती. तिने नाही म्हटलं असतं, तर माझं शेत गेलं असतं. पण मला जे १९९८ साली कुणी सांगितलं नाही, ते मी तिला सांगितलं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. महाराष्ट्रात हा बदल १९९४ साली झाला, देशभर २००५ साली. आणि कायदा आला तेव्हा वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. मी सही केली, तेव्हा माझा हक्क कागदावर होताच. मला फक्त तो ठाऊक नव्हता.

तिने धाकटीला फोन लावला. मग भावाला. त्यानंतरचे दोन महिने त्या घरात काय काय झालं, ते सगळं मला माहीत नाही. एजंट माझ्यावर चिडला. "ताई, तुम्ही चांगला सौदा नासवला," म्हणाला. मीही धरून चालले, की शेत गेलं.

नाही गेलं. आधी वारसांची नावं मालकाच्या रकान्यात आली, मग मोजणी होऊन तिघांचे हिस्से पडले, प्रत्येकी चाळीस आर. थोरलीला मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवे होते. तिने विकायचं ठरवलं, पण अट घातली, की चेक तिच्याच खात्यावर पाहिजे. त्याआधी तिचं खातंच नव्हतं. भावाने त्याचा हिस्सा विकला. धाकटी म्हणाली, "माझा तुकडा राहू द्या." भाव पहिल्याइतका कमी राहिला नाही. मला दोनऐवजी पावणेदोन एकरच परवडली. उरलेली पट्टी भावाने ठेवली, पण ती कोरडवाहू जमिनीच्या वीस गुंठ्यांच्या तुकडेबंदीत अडू नये म्हणून त्याने ती धाकटीच्या हिश्शालाच जोडली. बहिणीला पट्टी देताना तो हसत होता, असं मी म्हणणार नाही. पण दिली.

तुमच्यापैकी कुणी जमीन घेणार असाल, तर एवढं कराच. सातबारा ताजा, डिजिटल सहीचा काढा. सरकारी संकेतस्थळावर तो पंधरा रुपयांत मिळतो. एकावर थांबू नका, जुने फेरफारही बघा; जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते तिथे कळतं. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, वर्ग दोन, पोटखराबा, सगळं वाचा. मोजणी केल्याशिवाय पैसे देऊ नका. विहीर सामाईक असेल, तर पाण्याच्या पाळ्या खरेदीखतात लिहून घ्या. खरेदीखत झालं म्हणजे काम संपलं असं नाही. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, आणि नोंद मंजूर झाली की मगच सातबाऱ्यावर आपलं नाव लागतं. आणि बाईच्या नावावर घर घेताना मुद्रांक शुल्कात जी एक टक्का सवलत मिळते, ती शेताला धरून चालू नका. शेवटचं म्हणजे, इतर हक्कात बायांची नावं दिसली, तर त्या बायांना स्वतः भेटा. वकील सांगेल, की तुमचा व्यवहार पक्का होण्यासाठी ते गरजेचं आहे. ते तर खरंच. पण तेवढंच नाही.

यंदा रब्बीला आम्ही ज्वारी केली. धाकटीच कसते, अर्ध्या वाट्याने. 'कसणार कोण'चं उत्तर ह्यांना असं मिळालं. नोंदी मंजूर झाल्या त्या दिवशी मी दोघींचेही सातबारे काढून नेले होते. तिला वाचता येत नाही. तिने पदराला हात पुसून कागद घेतला आणि मला म्हणाली, "माजं नाव कुठं हाय, बोट ठिवा."

मी बोट ठेवलं. तिने विचारलं, "वरच्या रकान्यात हाय न्हवं?"

"वरच्याच," मी म्हटलं.