भाव कुणी पुकारायचा?

लासलगावच्या आवारात ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी येतो, कुणी कांद्याची मान दाबून बघतो, कुणी साल चुरगाळतो, बोली सुरू होते आणि बघता बघता संपतेही. घोळका पुढच्या ट्रॉलीकडे. दुपारपर्यंत किमान, कमाल, सरासरी असे तीन आकडे जिल्ह्यातल्या मोबाइलवर पोचतात. कुठली ट्रॉली कमालला गेली आणि का, हे त्यात नसतं.

बाजार म्हणजे एकाच जागेवरून पुकारलेला भाव, हे चित्र अर्थशास्त्रात लेऑन वालरास यांनी १८७४ मध्ये रेखलं. मागणी जास्त असेल तर भाव चढवा, कमी असेल तर उतरवा. पण वस्तू एक नसते. डाळ महागली की गुळाचा खपही हलतो, म्हणून सगळ्या वस्तूंचे भाव एकदम जुळायला हवेत. केनेथ अॅरो आणि जेरार्ड डेब्रू यांनी १९५४ मध्ये दाखवलं, की काही अटींवर असे जुळणारे भाव असतात. असतात खरे, पण बाजार तिथवर पोचतो का?

१९६० मध्ये हर्बर्ट स्कार्फ यांनी एक खोडकर उदाहरण मांडलं. वस्तूंची नावं माझी: तिघांपैकी एकाकडे गूळ, दुसऱ्याकडे डाळ, तिसऱ्याकडे कणीक. पहिल्याला गूळ आणि डाळ हवी, दुसऱ्याला डाळ आणि कणीक, तिसऱ्याला कणीक आणि गूळ. तीही ठरलेल्या प्रमाणातच. आता वालरास यांच्या नियमाने भाव चढवत-उतरवत राहा. ते जुळत नाहीत, घाण्याच्या बैलासारखे गोल फिरतात. याच स्कार्फ यांनी १९६७ मध्ये जुळणारे भाव संगणकाने शोधण्याची रीतही दिली. मात्र त्या संगणकाला प्रत्येकाची गरज आधी सांगावी लागते, आणि ती एका जागी कधीच गोळा झालेली नसते, हे फ्रीडरिक हायेक १९४५ मध्येच बजावून गेले होते.

मग चार्ल्स प्लॉट आणि सहकाऱ्यांनी तोच खेळ प्रयोगशाळेत खऱ्या माणसांकडून खेळवला. २००४ मध्ये छापून आलेले निकाल बघून मी तरी चकित झालो: माणसांच्या सौद्यांतले भावही त्या घाण्याच्याच दिशेने वळत होते.

हर्बर्ट गिंटिस यांनी २००७ मध्ये संगणकात वेगळा बाजार भरवला. पुकारणारा नाही. प्रत्येक व्यापाऱ्याच्या डोक्यात स्वतःचा भाव, सुरुवातीला अंदाधुंद. समोर जो भेटेल त्याच्याशी अदलाबदल करायची. ज्याला बरकत आली त्याचा भाव इतरांनी अधूनमधून उचलायचा. स्कार्फ यांचं तेच तीन वस्तूंचं कोडं इथे हळूहळू स्थिरावलं. उलट सगळ्यांना एकच जाहीर भाव दिला, की सगळे एकदम एकाच बाजूला धावायचे आणि भाव हेलकावे खायचे. एका हंगामातला चढा भाव ऐकून पुढच्या हंगामात गावभर कांदा लावणाऱ्यांना हे नवीन नाही.

म्हणून भाव खाजगीच बरा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बैलबाजारात उपरण्याखाली बोटं दाबून ठरायचा तो भावही खाजगीच होता. हेड्याला, म्हणजे दलालाला, दोन्ही बाजूंचे आकडे ठाऊक असायचे, बैलवाल्याला फक्त स्वतःचा. उघड लिलाव आले ते अशा लपवाछपवीला कंटाळून. गिंटिस यांच्या बाजारात भाव खाजगी असला, तरी कुणाचं बरं चाललंय हे दुसऱ्याला कळतं. उपरण्याखाली नेमकं तेच कळत नसे.

आता राष्ट्रीय कृषी बाजार २०१६ पासून पडद्यावर आहे, मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. तरीही रांगेतला मागचा शेतकरी लिलावातून परतणाऱ्याला थांबवून विचारतोच, ‘कितीला गेला?’ परतणारा हिशेबपट्टी घडी करून खिशात घालतो आणि एक आकडा सांगतो, कधीकधी शंभर रुपये वाढवून. गिंटिस यांच्या संगणकात मात्र शेजाऱ्याचा भाव उचलताना कुणी थाप मारत नाही.