भंडारदऱ्याच्या जलाशयावर

प्रवरेच्या कालव्यावर ऊस करणाऱ्या बागाईतदारानें आपलें पाणी सांठतें तें ठिकाण एकदां तरी पाहावें, असें आम्हांस वाटतें. अकोले तालुक्यांतील भंडारदऱ्याचें हें दगडी धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याची उंची सुमारें २७० फूट असून जलाशयांत सुमारें ११ अब्ज घनफूट पाणी मावतें.

माघांतील एका सकाळीं, वारा सुटण्यापूर्वीं, आम्ही वल्हीं मारीत कांठाकांठानें निघालों. पुढें रतनगड दिसत होता. प्रवरेचा उगम तेथलाच. त्याच्या पायथ्याशीं रतनवाडीस अमृतेश्वराचें प्राचीन शिवालय आहे. एका ओढ्याच्या मुखाशीं होडी थांबवून कणकेच्या गोळीनें गळ टाकला. दोन घटकांनीं एक मासा लागला, तेवढ्यावर आमचें समाधान झालें.

जाणारांनीं मासेमारीचा हक्क कोणाकडे आहे याची चौकशी करून परवानगी घ्यावी, तरंगण्याचें जाकीट घालावें व वारा वाढतांच कांठ गांठावा. पावसाळ्याच्या आरंभीं मात्र गळ घरींच ठेवावा. त्या वेळीं मासे अंडीं घालण्यास ओढ्यांतून वर चढतात. असे चढणीचे मासे धरणें म्हणजे पेरणीचें बियाणें दळून खाणें होय.

आवर्तन सुटलें कीं येथील पाणी उतरतें. जें जादा पाणी आपण उसांत सोडून जमीन चोपण करतों, तें याच सांठ्यांतलें, हें येथें कोणीं न सांगतां उमगतें.