चाकांची खुर्ची आणि घाटाचा रस्ता

“तुम्ही सगळे जाऊन या, मी बसतो गाडीत.”

घाटमाथ्यावरच्या कोणत्याही ‘पॉइंट’वर हिवाळ्याच्या दिवसांत थोडा वेळ उभे राहिले तर हे वाक्य हमखास कानी पडते. बोलणारे कधी पक्षाघातातून उठलेले आजोबा असतात, कधी गुडघ्यांनी दगा दिलेली मावशी, तर कधी अपघातात पाठीचा कणा दुखावलेला पंचविशीतला तरुण. सूर समजूतदारपणाचा असतो. बाकीची मंडळी ‘आलोच हं’ म्हणून निघतात आणि अर्ध्या तासाने परत येऊन मोबाईलवरची छायाचित्रे त्यांना दाखवतात. म्हणजे त्या माणसाने शंभर-सव्वाशे किलोमीटरचा प्रवास केला तो गाडीतळावरच्या गाड्या पाहण्यासाठी! हे वाक्य उच्चारण्याची पाळीच येऊ नये असा प्रवास आखावा कसा, हा आजचा विषय आहे. तो दयाबुद्धीचा वाटतो, पण खरे पाहता तो बव्हंशी मोजपट्टीचा आहे.

व्हीलचेअरला मी येथे चाकांची खुर्ची म्हणणार आहे. ‘खुर्चीला खिळलेला’ असा शब्दप्रयोग आपण सर्रास करतो. तो वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. माणूस खिळतो तो खाटेला. खुर्ची त्याला तेथून सोडवते. शिवाय या खुर्चीचे मोटारीशी फार जुने नाते आहे. अमेरिकेतील हर्बर्ट एव्हरेस्ट या खाण-अभियंत्याला 1918 साली खाणीतील अपघातात कायमचे अपंगत्व आले. त्या काळच्या चाकांच्या खुर्च्या म्हणजे अवजड सिंहासनेच; मोटारीत त्या नेणे दुरापास्त. तेव्हा हॅरी जेनिंग्ज या त्याच्या अभियंता मित्राने 1933 च्या सुमारास पोलादी नळ्यांची, खाली फुलीसारखी कैची असलेली, मिटणारी खुर्ची तयार केली. आज आपल्या रुग्णालयांत आणि रेल्वे स्थानकांवर दिसणारी खुर्ची तिचीच वंशज आहे. प्रवासाला निघता यावे म्हणून जी घडली, तिलाच आपण घरी बसण्याचे कारण ठरवतो, ही मौजच म्हणायची.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक परिचित रस्ता घेऊ. पुण्याहून सुरूर फाटा, वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर. आणि परतताना केळघरचा घाट, मेढा, सातारा. जाताना कृष्णेचे खोरे, येताना वेण्णेचे. सगळे मिळून तीनशे किलोमीटरच्या आतले अंतर. धडधाकट मंडळी हे दोन दिवसांत आटोपतात. आपण तीन दिवस धरावेत आणि दोन्ही रात्री एकाच ठिकाणी मुक्काम करावा. कारण साधे आहे: गाडीत चढण्या-उतरण्याला प्रत्येक वेळी दहा-दहा मिनिटे लागतात, आणि कण्याला इजा झालेल्या माणसाचा सकाळचा विधी दीड-दोन तासांचा असू शकतो. ‘पहाटे पाचला निघू, म्हणजे सूर्योदय गाठता येईल’ हा उत्साह येथे कामाचा नाही. नऊला निघावे आणि सूर्यास्त गाठावा.

बेत आखताना पहिली बैठक कोणाची? आपल्या घरांत ती बहुधा स्वयंपाकघरात, हलक्या आवाजात होते, आणि ठरलेला बेत त्या व्यक्तीला बक्षिसासारखा सांगितला जातो. हे उफराटे आहे. आपल्या खुर्चीची रुंदी, सलग किती वेळ बसवते, कोणत्या औषधाने दुपारी गुंगी येते, कोणाच्या हातांवर भरवसा आहे, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? कदाचित त्याला महाबळेश्वर नकोच असेल. वाईला नदीकाठी तासभर निवांत बसायचे असेल. त्याला आधी विचारावे, नकाशा मागाहून उघडावा.

आता मोजपट्टी. नेहमीची मिटणारी खुर्ची उघडल्यावर चोवीस ते सव्वीस इंच रुंद असते. ती आणि मोटारीचे आसन यांची उंची जितकी सारखी, तितके सरकून बसणे सोपे. म्हणून लोक ज्या उंच, ऐटबाज मोटारी हौसेने आणतात त्या या कामी बहुधा गैरसोयीच्या ठरतात. साधी, बेताच्या उंचीची मोटार बरी. पुढचे डावीकडचे आसन उत्तम, कारण ते मागे सरकते आणि पाय वळवायला जागा होते. शिवाय घाट पाहण्याची ती सर्वांत चांगली जागा. खुर्ची आणि आसन यांच्यामध्ये एक गुळगुळीत फळी टाकली की उचलाउचल न करता सरकत जाता येते. फक्त खुर्चीचे ब्रेक आधी लावलेले असावेत. भाड्याची मोटार ठरवताना एक प्रश्न विसरू नये: ‘गाडी सीएनजीवर चालते का?’ कारण मागच्या डिकीत टाकी बसवलेली असली की खुर्चीला जागा उरत नाही, आणि हा शोध नेमका निघण्याच्या सकाळी लागतो. सामान भरताना खुर्ची सर्वांत शेवटी ठेवावी, म्हणजे ती सर्वांत आधी बाहेर काढता येते.

मुक्कामाच्या जागेविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण बहुतेक बेत येथेच फसतात. दूरध्वनीवर ‘तुमच्याकडे व्हीलचेअर चालते का?’ असे विचारले तर उत्तर नेहमी ‘हो, हो, या ना!’ असेच येते. त्यात लबाडी नसते. ‘दोनच पायऱ्या आहेत, आमची पोरं उचलून घेतील’ ही त्यांची प्रामाणिक समजूत असते. म्हणून असा मोघम प्रश्न विचारूच नये. पट्टी घेऊन मोजायला सांगावे. रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या? खोलीच्या दाराची मोकळी रुंदी किती? आणि न्हाणीघराच्या दाराची? हा शेवटचा आकडा निर्णायक असतो. आपल्याकडे न्हाणीघराचे दार पुष्कळदा सव्वादोन फूट, म्हणजे सत्तावीस इंचांचे असते. चौकट आणि अर्धवट उघडणारी फळी वजा केली की हाती चोवीस इंचही राहत नाहीत. सव्वीस इंचांची खुर्ची तेथे उंबऱ्यावरच थांबते. न्हाणीघराची जमीन बाहेरच्यापेक्षा खाली आहे का, कमोड आहे का, त्याच्या शेजारी धरायला दांडी आहे का, हेही विचारावे. आणि सरळ छायाचित्रे मागवावीत. खोलीतून दिसणाऱ्या दरीची नव्हे, न्हाणीघराची!

उतरत्या वाटेचा, ज्याला रॅम्प म्हणतात त्याचा, हिशेब एकास बारा असा आहे. सहा इंचांची एक पायरी चढायची तर उतार सहा फूट लांब हवा. काही ठिकाणी दोन पायऱ्यांवर एक फळी टाकून ‘रॅम्प’ केलेला असतो. तो पाहून घसरगुंडीची आठवण होते. कायदा आपल्या बाजूचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 साली झाला, तो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. आणि 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्याच्या निकालात असे ठरवले की, सुगमतेचे किमान नियम नुसत्या शिफारशींच्या रूपात ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत. हे सर्व खरे. पण शनिवारी संध्याकाळी साडेसहाला न्हाणीघराच्या दारात निकालपत्र उपयोगी पडत नाही. तेथे पट्टीच हवी.

आता असा एक मुद्दा, जो सभेत बोलताना लोक टाळतात. प्रवासात लघवीची सोय नाही म्हणून अनेक जण आदल्या रात्रीपासून पाणी पिणे कमी करतात. स्त्रिया तर विशेष. घरातल्यांच्या हे ध्यानातही येत नाही. याने मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवतो, आणि ज्यांची कण्याची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत आहे त्यांना याहून मोठा धोका असतो तो तुंबलेल्या मूत्राशयाचा. मूत्राशय भरून राहिले, नळी पिळली गेली, की रक्तदाब एकाएकी भडकतो. डोके ठणकू लागते, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो. अशा वेळी माणसाला आडवे करू नये. बसते ठेवावे, कपडे सैल करावेत, नळी पाहावी, मूत्राशय मोकळे करावे आणि तेवढ्याने भागले नाही तर थेट रुग्णालय गाठावे. सांगण्याचा हेतू भीती घालण्याचा नाही. हेतू इतकाच की थांबे दृश्यांवरून न ठरवता शौचालयांवरून ठरवावेत. महामार्गावरच्या मोठ्या उपाहारगृहांत दिव्यांगांसाठी वेगळे शौचालय पुष्कळदा असते; मात्र त्याला कुलूप असते आणि आत झाडू, बादल्या, मोडक्या खुर्च्या नांदत असतात. म्हणून चहा मागवण्यापूर्वी किल्ली मागावी. सुरूरला महामार्ग सोडला की अशी ठिकाणे विरळ होत जातात, तेव्हा त्याआधीच एक थांबा घ्यावा. मोटारीच्या काचांना लावायला पडदे आणि झाकणाचे भांडे बरोबर असले म्हणजे पुष्कळ चिंता मिटते.

पाणी हा एक प्रश्न, तर त्वचा हा दुसरा. ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला एकाच जागी दाब पडल्याचे कळत नाही, आणि त्यातून होणारी जखम भरायला महिने लागतात. म्हणून अर्ध्या तासाच्या आत एकदा तरी हातांवर भार देऊन किंवा बाजूला कलून दाब हलका करावा. चालणाऱ्या मोटारीत हे साधत नसेल तर थांबून करावे. येथे घाटाचा एक खास मुद्दा आहे. काही जण हवा भरलेली गादी वापरतात. पुण्याहून महाबळेश्वरला आपण सुमारे आठशे मीटर वर जातो आणि हवेचा दाब साधारण नऊ टक्क्यांनी उतरतो. त्यामुळे गादीतली हवा फुगते आणि गादी कडक होते. वर पोचल्यावर थोडी हवा सोडून ती ठीक केली, की परतताना खाली उतरल्यावर तीच गादी पिचते आणि माणूस थेट फळीवर बसतो. तेव्हा वर एकदा आणि खाली एकदा, अशी दोनदा तपासणी करावी आणि भरण्याचा पंप घरी विसरू नये. उन्हात ठेवलेल्या खुर्चीच्या लोखंडाला आधी आपला हात लावून पाहावा, आणि गरम चहाचा पेला मांडीवर कधीही ठेवू देऊ नये. भाजल्याचे कळतच नाही, हे पाहणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

आता दृश्यांकडे वळू. वाईचे घाट म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. नदीचे दर्शन वरच्या काठावरून घ्यावे, तेही सुरेख होते. पसरणीच्या घाटात मात्र रस्ता हेच दृश्य आहे. एकेका वळणाबरोबर वाई खाली खाली जाते, धोमचा जलाशय उलगडत जातो, आणि हे सर्व पुढच्या आसनावर बसलेल्याला सर्वांच्या आधी दिसते. येथे मोटार हळू हाकावी. पण वळणावर थांबवू नये, रुंद जागा पाहूनच थांबावे. पुढे महाबळेश्वरच्या आधी वेण्णा तलाव अगदी रस्त्यालगत लागतो. 1842 साली बांधलेला हा तलाव काठावर बसून पाहण्यातच गोडी आहे. होडीत उतरण्याचा आग्रह धरू नये.

‘पॉइंट’ निवडताना मोटार किती जवळ जाते एवढेच लोक पाहतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कठड्याची उंची. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पावणेचार ते चार फुटांवर असतात. उभ्या माणसाच्या छातीला लागणारी दगडी भिंत त्याच्या डोळ्यांसमोर येते. त्याला आकाश दिसते, दरी दिसत नाही. उलट लोखंडी गजांचा कठडा असेल तर गजांमधून सगळे खोरे दिसते. नकाशांच्या अ‍ॅपवर पर्यटकांनी टाकलेली छायाचित्रे घरबसल्या पाहता येतात. त्यांत हसरे चेहरे सोडून कठडा पाहावा आणि पायांखालची जमीन पाहावी. फरशी असेल तर ठीक. सुटी खडी आणि जांभा दगडाची माती असेल तर खुर्चीची पुढची लहान चाके रुततात. अशा ठिकाणी ती चाके उचलून, खुर्ची मागे कलवून, मोठ्या चाकांवर न्यावी. पावसाळ्यात जमीन बदलते, म्हणून छायाचित्र गेल्या पावसाळ्यानंतरचे आहे की नाही तेही बघावे. मुळात पावसाळ्यात हा बेत करूच नये: धुक्यात दरी दिसत नाही, दरडींचे भय असते आणि ओली चाके हातांतून निसटतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, तोही आठवड्याच्या मधला वार, हा काळ उत्तम.

आपल्याकडची माणसे मदतीला तत्पर असतात, ही मोठी जमेची बाजू. पायरी दिसताच चार जण धावतात. आणि चौघांपैकी एक जण हाताची दांडी धरून उचलतो, ती सुटी असते, आणि खुर्ची कलंडते. तेव्हा उचलण्यापूर्वी हुकूम खुर्चीतल्या माणसाचा घ्यावा. पायरी चढताना खुर्चीची पाठ पायरीकडे करावी. एकाने मागच्या मुठी धराव्यात, दुसऱ्याने पुढून मूळ सांगाडा धरावा, पायटेकण्या नव्हेत, आणि मोठी चाके एकेक पायरी वर ओढावीत. तीव्र उतारावर खुर्ची उलटी, पाठीकडून उतरवावी. प्रतापगडासारख्या शेकडो पायऱ्यांच्या ठिकाणी माझे मत स्पष्ट आहे: प्रवाशाने स्वतः मागितले नाही तर बेतात घालू नये, आणि मागितले तर अशा चार सरावलेल्या माणसांची आधी व्यवस्था करावी. खांद्यावरून मिरवत नेलेल्या माणसाला गड दिसतो की नाही कोण जाणे. लोकांना मात्र तो दिसतो.

परतीचा रस्ता केळघरच्या घाटातून मेढ्याला उतरतो आणि पुढे कण्हेरच्या जलाशयाच्या बाजूने साताऱ्याला येतो. येथे गर्दी कमी, उपाहारगृहेही कमी. तेव्हा जेवण बरोबर असावे. ज्या दोन नद्यांच्या खोऱ्यांतून आपण गेलो-आलो त्या साताऱ्याजवळ संगम माहुलीला एकमेकींना भेटतात. तेथेही घाटाला पायऱ्या आहेत, पण वेळ असेल तर वरून पाहण्यासाठी वाकडी वाट करावी.

घरी पोचल्यावर सामान उघडण्याआधी, त्याच रात्री, आरसा धरून पाठीचा खालचा भाग, बैठकीची हाडे आणि टाचा तपासाव्यात. लाल डाग दिसला आणि अर्ध्या तासात तो फिकट झाला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्या बाजूवर बसायचे नाही, कुशीवर पडून राहायचे. म्हणून कचेरीत रजेचा अर्ज करतानाच एक दिवस जास्तीचा लिहावा.