‘गुड’चे ‘गुडी’ का होत नाही?

इंग्रजीचा पेपर म्हटला की आपल्या भागातील विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येतो. बाकीचे विषय कसेबसे सुटतात आणि गाडी इंग्रजीपाशी अडते. शब्दसंग्रह तोकडा, हे त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण. ते खरेही आहे. परंतु आपल्या निम्म्या चुका मला निराळ्याच वाटतात. मराठीत शब्द जसे वागतात तसेच ते इंग्रजीतही वागतील, असे आपण न कळत धरून चालतो, आणि तिथेच फसतो. या लेखापुरते विशेषण हे उदाहरण घेऊ.

‘नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द तो विशेषण’ ही व्याख्या आपण शाळेत घोकली. इंग्रजीच्या तासालाही तीच मिळाली. साहजिकच दोन्हीकडचे विशेषण एकच, असा समज झाला. याचे एक कारण इतिहासात आहे. शब्दांच्या आठ जाती ही मुळात आपल्याकडील विभागणी नव्हे. यास्काने नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चारच वर्ग मानले. विशेषणाला त्यात स्वतंत्र घर नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले, ते इंग्रजी व्याकरणाचा आराखडा समोर ठेवून. पुढे हीच चौकट आपल्या क्रमिक पुस्तकांत रुजली. नावे जुळली, म्हणून वागणूकही जुळेल असे मात्र नाही.

मराठीत ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल’ आणि पुढे प्रत्यय आला की ‘चांगल्या मुलाने’. आकारान्त विशेषण नामाच्या मागे सावलीसारखे फिरते. ‘हुशार’, ‘लाल’, ‘सुंदर’ ही विशेषणे बदलत नाहीत, ती अविकारी. इंग्रजीत जवळजवळ सगळीच विशेषणे या ‘हुशार’च्या पंक्तीतली. ‘गुड बॉय, गुड गर्ल, गुड बॉइज’. नाम काहीही होवो, ‘गुड’ जागचे हलत नाही. ‘दिस’चे ‘दीज’ आणि ‘दॅट’चे ‘दोज’ एवढेच काय ते अपवाद.

हे पूर्वी असे नव्हते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणाला लिंग, वचन, विभक्ती सगळे होते. नंतरच्या काही शतकांत शब्दांच्या शेवटचे उच्चार झिजत गेले आणि प्रत्यय गळून पडले. मग कोणता शब्द कोणाचा, हे ओळखायचे कसे? तर शब्दाच्या जागेवरून. मराठीत जे काम प्रत्यय करतो ते इंग्रजीत बव्हंशी जागा करते. ही एक गोष्ट ध्यानात आली की पुष्कळ गाठी सुटतात.

उदाहरणार्थ, ‘पंचवार्षिक योजना’. आपल्यापैकी बहुतेकजण ‘फाइव्ह इयर्स प्लॅन’ लिहितात. पाच वर्षे म्हणजे अनेकवचन, मग ‘एस’ हवाच, असा आपला हिशेब. पण ‘इयर’ हे नाम इथे ‘प्लॅन’च्या आधी, विशेषणाच्या खुर्चीत जाऊन बसले आहे. त्या खुर्चीचा नियम असा की साधारणतः तिथे बसणाऱ्याला अनेकवचन नाही. म्हणून ‘फाइव्ह इयर प्लॅन’, ‘टेन रुपी नोट’. ‘अदर्स कॉलेजेस’ ही चूकही याच जातीची. हवे ‘अदर कॉलेजेस’. ‘स्टोन’ म्हणजे दगड, नाम. परंतु ‘स्टोन वॉल’ म्हणजे दगडी भिंत. आपल्याला ‘दगड’चे ‘दगडी’ करावे लागले, इंग्रजाने दगड उचलून नुसता पुढे ठेवला. ‘फास्ट’ची गंमत तर आणखी. जलद गाडी, जलद धावणे, उपवास आणि उपवास करणे, चारही ठिकाणी तोच शब्द. कोशात पाहून त्याची जात सांगता येणार नाही, वाक्य पाहावे लागते.

उलट बाजूही आहे. मराठीत विशेषणाला नाम करणे अगदी सोपे: गरिबांना, गरिबांचे, श्रीमंतांनी. इंग्रजीत ‘द पुअर’ म्हटले की गरीब लोक असा अर्थ होतो, क्रियापदही अनेकवचनी लागते, पण ‘पुअर्स’ म्हणता येत नाही. शब्द नामाच्या जागेवर आला खरा, परंतु अंगावरचे कपडे विशेषणाचेच राहिले.

आता क्रियाविशेषण. ‘शी सिंग्ज गुड’ असे आपण का लिहितो? कारण मराठीत ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ हे शुद्ध आहे. गाण्याचा गुण सांगणारा शब्दही आपल्याकडे कर्त्याचे लिंग घेतो! इंग्रजीला इथे ‘वेल’ लागतो. मग कुणी सांगतो, क्रियाविशेषण करायचे तर ‘एलवाय’ जोडा. हा उपदेश ऐकून मी एकदा मोठ्या हौसेने लिहिले होते, ‘आय हार्डली स्टडी’. मला म्हणायचे होते, मी कसून अभ्यास करतो. कागदावर उमटले, मी अभ्यास जवळजवळ करीतच नाही. उत्तरपत्रिकेतील इतर उत्तरे पाहता परीक्षकांना ते कबुलीजबाबच वाटले असावे. ‘हार्ड’ हा शब्द ‘फास्ट’प्रमाणे दोन्ही कामे तसाच करतो, एवढे तेव्हा ठाऊक नव्हते.

शब्दयोगी अव्ययाबद्दल फार लिहीत नाही. आपले ‘टेबलावर’ मागून येते, त्यांचे ‘ऑन’ पुढे उभे राहते, इतकेच.

परंतु एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. किनवट तालुका 1956 पर्यंत हैदराबाद संस्थानातल्या, पुढे हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा बोली आणि उर्दू या पाचही भाषा आजही आपल्या बाजारात कानी पडतात. माझा एक वर्गमित्र तेलुगू घरातला. शाळेत तो ‘माझा मोठा बहीण’ म्हणे आणि सारा वर्ग हसे. मीही हसत असे. त्याने मग वर्गात बोलणेच सोडले. त्याची चूक कुठून येत होती हे आम्हाला कुणी सांगितले नाही. तेलुगूत ‘पेद्द कोडुकु’ म्हणजे मोठा मुलगा, ‘पेद्द कूतुरु’ म्हणजे मोठी मुलगी, ‘पेद्द इल्लु’ म्हणजे मोठे घर. ‘पेद्द’ बदलत नाही. ‘ना कोडुकु, ना कूतुरु’ यातला ‘ना’ही माझा-माझी असा फिरत नाही. म्हणजे हुबेहूब ‘माय सन, माय डॉटर’! ज्या सवयीपायी तो मराठीच्या तासाला हसण्यावारी गेला, ती सवय इंग्रजीच्या तासाला त्याची शिदोरी होती. पण तोवर त्याला आपली भाषा म्हणजे एक व्यंग वाटू लागले होते.

बंजारा मित्रांचे मराठीसारखेच आहे. त्यांच्यात ‘आछो छोरा’ आणि ‘आछी छोरी’. उर्दूत ‘बडा लडका, बडी लडकी’. तेव्हा त्यांना आणि आम्हाला इंग्रजी विशेषण सारखेच परके. तेलुगूही सर्वत्र इंग्रजीसारखी नाही, हेही सांगितले पाहिजे. विशेषण नामाच्या आधी न येता वाक्याच्या शेवटी आले, की ‘तो चांगला आहे’ यासाठी ‘मंचिवाडु’ आणि ‘ती चांगली आहे’ यासाठी ‘मंचिदि’ असा भेद होतो. इंग्रजीत तिथेही ‘गुड’च.

हा लेख लिहिताना त्या मित्राला मी आणखी एक विचारले. आपण ‘जुने सागवानी टेबल’ म्हणू किंवा ‘सागवानी जुने टेबल’, दोन्ही चालते. इंग्रजीत विशेषणांची रांग ठरलेली असते. आपले मत आधी, मग आकार, मग वय, मग रंग, आणि वस्तू कशाची बनली ते नामाला अगदी खेटून. म्हणून ‘ओल्ड टीक टेबल’ बरोबर, ‘टीक ओल्ड टेबल’ कानाला खटकते. तेलुगूत काय म्हणाल? तो चटकन म्हणाला, ‘पात टेकु बल्ल’. जुने, साग, टेबल, क्रम तोच. आणि साग तर जवळजवळ शब्दानेही तोच, कारण ‘टीक’ हा शब्द इंग्रजांना पोर्तुगीजांकडून मिळाला आणि पोर्तुगीजांनी तो मलबार किनाऱ्यावर, मल्याळमच्या ‘तेक्कु’वरून उचलला. तेलुगूचा ‘टेकु’ त्याचाच भाऊ. मित्र हसून म्हणाला, “मग आमचाच की!”