खतावणीतील लॅटिन शब्द

'डेबिट', 'क्रेडिट', 'ऑडिट' हे शब्द आपल्या पेढ्यांवर इतके रुळले आहेत की ते परके वाटतच नाहीत. इंग्रजांनी तरी ते कोठून घेतले, हे पाहू गेल्यास मूळ लॅटिन भाषेत सापडते.

'डेबिट' म्हणजे देणे असलेले. 'ऑडिट'चा मूळ अर्थ ऐकणे. पूर्वी हिशेब मोठ्याने वाचले जात व तपासनीस ते ऐकून पारखीत असे. 'पर्सेंट' म्हणजे शंभरामागे, अर्थात आपला शेकडा. धान्याच्या व्यापाऱ्यांस विशेष गोड वाटावा असा शब्द 'सीरिअल'. रोमन लोकांची धान्यदेवता सेरेस, तिच्या नावावरून तो निघाला. ब्रिटनमध्ये 1971 पर्यंत पेनीसाठी 'डी' हे अक्षर लिहीत, ते 'देनारिअस' या रोमन नाण्याचे आद्याक्षर. तेच नाव संस्कृत ग्रंथांत 'दीनार' होऊन आले आहे.

'क्रेडिट'ची कथा याहून मोलाची. लॅटिनमध्ये 'क्रेदो' म्हणजे मी विश्वास ठेवतो. भाषापंडितांच्या मते हा शब्द व आपला 'श्रद्धा' शब्द एकाच प्राचीन मुळाचे आहेत. ज्याने उधारीने माल दिला त्याच्या खाती आपण रक्कम जमा लिहितो, तेव्हा त्याने आपणांवर टाकलेला विश्वासच वहीत नोंदवितो. ती रक्कम मुदतीत फेडणे हे केवळ हिशेबाचे नव्हे, तर श्रद्धा राखण्याचे काम होय. भाव चढतात, उतरतात. गेलेली पत मात्र कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही. आपल्या तरुण व्यापारी बंधूंनी जमेची बाजू लिहिताना एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती.