आवडले, पण का आवडले?

विरारहून चर्चगेटकडे निघालेली सकाळची गाडी म्हणजे एक फिरते परीक्षक मंडळच म्हणायचे. नालासोपारा येईतो एखादा चित्रपट निकालात निघतो, वसई येईतो एखादे पुस्तक. "काही दम नाही हो त्यात!" असे कुणी म्हटले, की झाला निवाडा. यात वावगे काही नाही. गाणे ऐकून मान डोलवायला किंवा नाक मुरडायला कुणाचा परवाना लागत नाही. घोटाळा होतो तो आवड आणि मत ही एकच समजल्याने. आवड जिभेसारखी असते. कुणाला सुकट रुचते, कुणाला तिचा वासही नको. तेथे वाद संपला. मताचे तसे नाही. मत दिले की कारण द्यावे लागते.

मत देण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारावे. मी हे पुरते पाहिले किंवा वाचले आहे काय? आणि त्यातल्या नेमक्या कोणत्या जागेवरून माझे मत बनले?

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली आला. अजय-अतुल यांच्या त्यातल्या गाण्यांवर गावोगावी हळदीच्या मांडवात मंडळी नाचली. "गाणी झकास" हे मत खरेच आहे, पण ते अर्ध्या चित्रपटाचे. शेवटी जातीच्या अभिमानापायी त्या जोडप्याचा खून होतो. तान्हे मूल रक्तात पाय भरवून घराबाहेर येते, आणि त्या वेळी पडद्यावर आवाजच उरत नाही. आधीचा एवढा गजर ऐकल्यामुळेच ती शांतता अंगावर येते. संगीत कोठे आहे याइतकेच ते कोठे नाही, हेही ऐकायला हवे. ते न ऐकता नुसते नाचलो, तर ज्या गोष्टीकडे दिग्दर्शक बोट दाखवतो, तीच आपल्या नजरेतून सुटते.

दुसरे उदाहरण घरचेच. वसईतील नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले. २०२० सालच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला काही जणांनी विरोध केला. विरोधाचा हक्क कुणालाही आहे. पण आक्षेप होता तो ते धर्मगुरू आहेत यावर, त्यांच्या मराठीवर किंवा पुस्तकांवर नव्हे. २०२४ साली फादर निवर्तले. पुस्तके मात्र आहेत. ज्याला मत द्यायचे असेल त्याने ती उघडावी. न वाचता दिलेले मत पुस्तकाविषयी काहीच सांगत नाही. ते बोलणाऱ्याविषयीच सांगते.

आता शिक्षकबंधू-भगिनींसाठी एक सूचना. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. आचार्य अत्रे यांनी तिच्यावर १९५३ साली चित्रपट काढला व त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. २०२३ साली सुजय डहाके यांनी त्याच पुस्तकावरून पुन्हा चित्रपट केला. एकच गोष्ट, तीन रूपे! वर्गात पुस्तकातले एक प्रकरण वाचावे, जमल्यास तोच प्रसंग चित्रपटात दाखवावा, आणि विचारावे : येथे काय गाळले? काय वाढवले? त्याने काय साधले?

मग एखादा मुलगा उठून म्हणेल, "गुरुजी, मला नाही आवडलं." त्याला दटावून खाली बसवू नका. एवढेच म्हणा, "बरं, कोणत्या जागी नाही आवडलं, ते दाखव पाहू." तो जागा शोधू लागला, की त्याचे वाचन सुरू झाले. दटावलेला मुलगा मात्र पुढच्या वेळी गुरुजींना हवे तेच उत्तर देईल, आणि मोठेपणी चार लोक म्हणतील तेच स्वतःचे मत म्हणून सांगेल. चित्रपटाच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. पण निवडणुकीत, जातीच्या भांडणात आणि शेजाऱ्याविषयीच्या अफवेतही हीच सवय चालते. म्हणून तिला वळण लावायचे ते गाण्या-गोष्टींच्या वयातच.