चक्रीवादळानंतरचे शासकीय साहाय्य : देवगडातील दुकानदार, मच्छीमार व बागायतदार

रविवार, दिनांक १६ मे २०२१ रोजी तौते चक्रीवादळ सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यालगत समुद्रातून उत्तरेकडे सरकले. वादळाने भूमी गाठली ती दुसऱ्या रात्री, सौराष्ट्रात. तथापि त्याच्या माऱ्याने देवगड तालुक्यात घरांची छपरे उडाली, हापूसची कलमे उन्मळून पडली व वीजपुरवठा कित्येक दिवस खंडित झाला. आनंदवाडी बंदरात आश्रयास आणलेल्या नौका बुडून खलाशांचे प्राणही गेले. आंब्याचा हंगाम अखेरच्या टप्प्यात होता, १ जूनपासून मासेमारीबंदी सुरू व्हावयाची होती आणि कोरोनाच्या निर्बंधांमुळे बाजारपेठ आधीच मंदावलेली होती. वर्षाची मिळकत पदरात पडण्याच्या वेळीच हे संकट आले.

अशा प्रसंगी शासन जी रोख मदत देते तीस सानुग्रह अनुदान म्हणतात. ते परत फेडावयाचे नसते. पण ती संपूर्ण नुकसानभरपाईही नव्हे. मोडलेला धंदा पुन्हा उभा करण्यास दिलेला तो हातभार होय. हा भेद ग्रामसेवकांनी प्रथमच समजावून सांगितल्यास पुष्कळसा गैरसमज टळेल.

आपत्तीतील मदतीचे मूळ दर केंद्र शासनाच्या निकषांनी ठरतात. त्या वेळी लागू असलेल्या निकषांप्रमाणे संपूर्ण नष्ट झालेल्या नौकेस ९,६०० रुपये व अंशतः मोडलेल्या नौकेच्या दुरुस्तीस ४,१०० रुपये मिळत. पूर्ण गेलेल्या जाळ्यास २,६०० रुपये मिळत. नुसते लाकूड व मजुरी यांचा विचार केला तरी ही रक्कम किती अपुरी, हे मच्छीमारास सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून राज्य शासनाने २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाप्रमाणेच तौतेच्या वेळीही वाढीव दर मंजूर केले. पूर्ण नष्ट झालेल्या नौकेस २५,००० रुपये, अंशतः मोडलेल्या नौकेस १०,००० रुपये व जाळ्यास ५,००० रुपये असे ते दर होते. मे २०२१ च्या अखेरीस जाहीर झालेल्या सुमारे २५२ कोटी रुपयांच्या मदतीपैकी मोठा भाग राज्याने स्वतःच्या तिजोरीतून उचलला.

लहान दुकानदार व टपरीधारक यांची स्थिती याहून निराळी होती. केंद्राच्या निकषांत दुकानाच्या नुकसानीस मुळी स्थानच नव्हते. राज्याने स्वतंत्र निर्णय घेतला तरच त्यांना काही मिळावयाचे. तौतेच्या वेळी प्रत्यक्ष नुकसानीच्या ७५ टक्के, परंतु जास्तीत जास्त १०,००० रुपये, अशी मदत ठरली. उदाहरणार्थ, एखाद्या टपरीचे पत्रे व माल मिळून १२,००० रुपयांचे नुकसान झाले असल्यास ९,००० रुपये मिळतील. नुकसान ३०,००० रुपयांचे असल्यास ७५ टक्के म्हणजे २२,५०० रुपये होतात, पण मर्यादेमुळे हाती १०,००० रुपयेच पडतील. पुढे त्याच वर्षी जुलैमध्ये चिपळूण व अन्य ठिकाणी महापूर आला, तेव्हा दुकानदारांसाठी हीच मर्यादा ५०,००० रुपये ठेवण्यात आली. एका संकटाचा दर दुसऱ्यास लागू होत नाही. प्रत्येक वेळचा शासन निर्णय स्वतंत्रपणे वाचावा लागतो.

आंबा बागायतदारास दर हेक्टरी ५०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, असे साहाय्य होते. नारळास झाडामागे २५० व सुपारीस ५० रुपये. दहा मीटर अंतरावर लावलेली कलमे हेक्टरी शंभर बसतात, म्हणजे कलमामागे ५०० रुपये झाले. पोसलेले कलम पडल्यावर त्याच्या जागी लावलेले नवे कलम चांगले फळू लागण्यास कित्येक वर्षे जातात, हे पाहता या रकमेचे मोल कोणीही जोखू शकेल. तरी खड्डे, नवी कलमे व पडलेल्या झाडांची तोड यांचा पहिला खर्च तिच्यातून निघतो.

मदतीचा सर्व आधार म्हणजे पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक जागेवर येऊन जे लिहितात, त्यावरच रक्कम ठरते. म्हणून पडझड आवरण्यापूर्वी तिची छायाचित्रे घ्यावीत, झाडे मोजून ठेवावीत व पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वाचून पाहावा. दुकानदाराने परवाना वा नोंदणी, शिधापत्रिका व मालाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. नौकामालकाने नौकेची नोंदणी चालू ठेवावी. पैसे थेट बँक खात्यात जमा होतात, यास्तव पासबुकावरील व आधारपत्रावरील नाव एकच असल्याची खात्री आधीच केलेली बरी.

कोकणात खरी अडचण येते ती सातबाराची. एका उताऱ्यावर दहापंधरा नावे, त्यांतील निम्मे मुंबईस. कसणारा एक आणि संमतीपत्रे मागावयाची सर्वांची! अशी घरे हेरून ग्रामसेवकांनी पावसाळ्यापूर्वी, चाकरमानी गावी आलेले असतानाच, संमतीपत्रांची सिद्धता करवून घ्यावी. कराराने बाग घेऊन औषध-खताचा खर्च करणाऱ्याची स्थिती तर याहून बिकट. नुकसान त्याचे होते, पण उताऱ्यावर नाव मालकाचे असल्याने अनुदान मालकाच्या खात्यात जाते. करार लेखी असावा व त्यात अशा मदतीची वाटणी कशी व्हावी हे नमूद असावे.

अनुदान व कर्ज यांची गल्लतही वारंवार होते. जून २०२० मध्ये पथविक्रेत्यांसाठी सुरू झालेल्या प्रधानमंत्री स्वनिधी योजनेत आरंभी १०,००० रुपये मिळत. ते फेडावयाचे कर्ज होते, व्याजात मात्र सवलत होती. शिवाय ती शहरांसाठी असल्याने देवगड-जामसंडे नगरपंचायतीच्या हद्दीतील विक्रेत्यास तिचा मार्ग खुला होता, आपल्या खेड्यातच विक्री करणाऱ्यास नव्हता.

मासळी विकणाऱ्या स्त्रियांचा विचार अशा वेळी बहुधा शेवटी होतो. २०१९ च्या क्यार व महा या वादळांनी मासेमारीचे दिवस बुडाले, त्यासाठी २०२० मध्ये राज्याने सुमारे ६५ कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर केले. त्यात नौकाधारकांबरोबर लहान मासळीविक्रेत्यांनाही शीतपेट्या घेण्यासाठी रक्कम ठेवली होती. नौका नसली तरी धंदा बुडतो, हे त्या निर्णयाने मान्य केले.